उन्हाळ्याचा ताळेबंद: चार गावांचं एक पान कसं भरायचं

एका सहकारी बँकेत मी ३१ वर्षं खतावणी सांभाळली. निवृत्त झाले तरी रकाने आखायची खोड गेली नाही, म्हणून दरवर्षी मृग लागला की उन्हाळ्याचा ताळेबंद मांडायला बसते. राहते पुण्यात, सिंहगड रस्त्याला. माहेर वर्ध्याचं, धाकटा भाऊ तिथेच आहे. नणंद देवगडला, आंब्याच्या बागेत. मावसभाऊ लातूरकडे औशाला शेती करतो. "उन्हाळा कसा गेला?" असं तिघांना विचारलं की तीन उत्तरं येतात, चौथं माझं, आणि चारही खरी असतात. वाद होतो तो प्रत्येकाला आपलं अंगण म्हणजेच महाराष्ट्र वाटतो म्हणून.

२०२५ ला तर मीच फशी पडले. मे संपताना पुण्यात स्वेटर काढावा की काय अशी हवा, म्हणून फोनवर बोलून गेले, "यंदा उन्हाळा झालाच नाही रे." भाऊ म्हणाला, "एप्रिलमधी याचं होतं ना ताई, मग समजलं असतं." वही उघडली तर एप्रिलच्या रकान्यात त्याच्याच तोंडचं लिहिलेलं होतं: दुपारी बारा ते पाच दुकानाचं शटर अर्धं खाली. महिन्याभरात मी ते साफ विसरले होते. शेवटचे आठ-दहा दिवस आधीच्या अडीच महिन्यांवर बोळा फिरवतात.

तुम्हाला असं पान मांडायचं असेल तर वही साधीच घ्या, पण आडवी धरा. चार उभे रकाने आखा आणि हवामान खातं करतं तीच वाटणी ठेवा: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. माझे नातेवाईक नशिबाने या चौकटीत नेमके बसतात. तुमचे बसत नसतील तर कॉलेजची मैत्रीण, जुना शेजारी, मुलाच्या ऑफिसातलं कुणी शोधा, पण एकही रकाना वर्तमानपत्रावर भरू नका. पाचवा रकाना शेऱ्याचा.

पूर्वी मी पान होळीला उघडायचे. आता महाशिवरात्रीला उघडते. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आमची आजी सांगायची. २०२५ ची शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, आणि त्याच आदल्या-पुढच्या दिवसांत मुंबई-कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. थंडीला 'शिव शिव' म्हणायलाही सवड मिळाली नाही. तो फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. होळीची वाट बघत बसले असते तर ही नोंद हुकली असती.

आता सगळ्यात महत्त्वाचं: विचारायचं काय. "ऊन किती आहे?" हा प्रश्न बाद करा. त्याला "विचारू नका" एवढंच उत्तर येतं. कामाबद्दल आणि तारखेबद्दल विचारा. माझे ठरलेले प्रश्न हे:

कूलर कधी खाली काढला, आणि मध्ये किती दिवस बंद होता?
कुरडया किती उन्हांत वाळल्या?
पाणी कितव्या दिवशी येतं, टँकर सुरू झाला का?
रात्री गच्चीवर झोपता आलं का, की अंथरूण गुंडाळून खाली यावं लागलं?
गारा पडल्या का, पडल्या तर केवढ्या: हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या, लिंबाएवढ्या?
शेतात कोणतं काम अडलं?

यातला वाळवणाचा प्रश्न मला सर्वांत आवडतो. हवेतली दमट चिकटाई मोजायला कुरडईसारखं यंत्र नाही. एप्रिलमध्ये वर्ध्याच्या भावजयीच्या कुरडया दीड दिवसात कडकडीत झाल्या. माझ्या तीन उन्हं खाऊन डब्यात गेल्या. मे उजाडल्यावर घातलेले सांडगे मात्र चौथ्या दिवशीही मधे ओले होते, शेवटी पंख्याखाली पसरले आणि तरी बुरशी धरलीच. देवगडच्या नणंदेची आंबोशी आणि सोलं वाळायची राहिली. तिचं वाक्य मी तसंच उतरवून ठेवलं आहे: "वयनी, आंबो झाडार ऱवलो नि पाऊस इलो." वीसेक दिवसांची फळं होती, कॅनिंगला जायची. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी म्हणून जे करायचं ते निम्मंही झालं नाही.

मावसभावाचं उत्तर मला वर्षभर पुरतं. मे महिन्यात पाऊस म्हटल्यावर शहरातला माणूस खूश. तो म्हणाला, "रान वापशावर येईना." वापसा म्हणजे मशागतीला हवी तेवढीच बेताची ओल. जमीन ओली चिंब, त्यामुळे मशागत करता येईना, नांगरलेलं रान तापायला हवं तेही तापलं नाही. पुढे जूनच्या सुरुवातीला आभाळ कोरडं पडलं आणि पेरणीचा प्रश्न आला. ७५ ते १०० मिलिमीटर चांगला पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी खात्याचा नेहमीचा सल्ला. मेमधला पाऊस त्यात धरायचा की नाही, यावर गावात पारावर दोन तट पडले होते. माझ्या वहीत त्या रकान्यात 'पाऊस: जास्त' आणि त्याच ओळीत 'पेरणी: अडली' असं लिहिलं आहे, आणि ते चुकीचं नाही.

आकडे नंतर घ्या. आधी घेतले की माणसं आकड्याला शोभेल असं आठवू लागतात. कमाल-किमान तापमान हवामान खात्याच्या वेधशाळेचं घ्या. मोबाइलवरचा आकडा बहुतेक वेळा तुमच्या गावात कुणी मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. गाडीच्या काचेमागचा तर विचारातही घेऊ नका. आणि फारच अचाट आकडा दिसला तर पेन्सिलीने लिहा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. भावाने मला रात्री साडेनऊला फोन करून सांगितलं, मी शाईने लिहून बसले. दुसऱ्या दिवशी कळलं की सेन्सर बिघडला होता. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ दाखवले गेले, तिथेही उपकरण तीन अंश जास्त सांगत होतं. वहीतली ती खाडाखोड अजून तशीच आहे.

वर्ध्याचे ४४ आणि देवगडचे ३७ शेजारी-शेजारी लिहून "तुमचं काय ते ऊन!" असं म्हणू नका. ज्याच्या खात्यात नेहमी पाच लाख असतात आणि ज्याच्या खात्यात पन्नास हजार, त्यांच्या शिलका अशा भिडवत नाहीत. आपल्याच नेहमीच्या शिलकेपेक्षा किती वर-खाली, ते बघायचं. हवामान खातंही तेच करतं. मैदानी भागात पारा निदान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असेल तर उष्णतेची लाट. किनाऱ्यावर ३७ पुरतात, साडेचारची अट तीच. (४५ गाठले की मैदानी भागात सरासरी कुणी विचारत नाही.) सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरा. माझ्या वहीत मूळ आकडा बारीक आणि फरक ठसठशीत असतो. शिवाय रात्रीचं किमान वेगळं लिहा. २०२५ च्या मेमध्ये दिवस उतरले पण रात्री चिकट राहिल्या, हे नुसत्या कमाल तापमानावरून कधीच कळलं नसतं.

पाऊस घरी मोजणार असाल तर सरळ उभ्या भिंतीचा डबा घ्या. बादली वर रुंद, खाली अरुंद, ती खोटं बोलते. डबा भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवा. पहिल्या वर्षी माझा डबा गच्चीवरच्या टाकीशेजारी होता आणि कडक उन्हाच्या एका दिवशी त्यात ६२ मिलिमीटर पाऊस निघाला. टाकी वाहिली होती. दुसरी गोम तारखेची. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून २५ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस २६ च्या नावे लागतो. हे माहीत नव्हतं तेव्हा माझी वही आणि वर्तमानपत्र कायम एक दिवस मागेपुढे. बँकेत असते तर मेळ बसेपर्यंत रात्री अकरा वाजले असते.

उन्हाळा संपला कधी, हे चारही रकान्यांत वेगवेगळं लिहावं लागतं, आणि २०२५ ला ते फारच वेगळं होतं. २४ मेला मान्सून केरळात आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन रत्नागिरी-दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढला. नणंदेकडे वीज गेली ती तीन दिवसांनी आली. २६ मेला मान्सून मुंबई-पुण्यात पोचला. मुंबईत इतका लवकर तो १९५० पासून आला नव्हता, नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याला त्या सकाळपर्यंतच मेचा पाऊस २९५ मिलिमीटर झाला आणि १९१८ चा २७९.४ चा विक्रम मोडला. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं तो हाच दिवस. माझ्या रकान्यात मी 'उन्हाळा समाप्त, २६ मे' अशी दुहेरी रेघ मारली.

वर्ध्याच्या रकान्यात ती रेघ मारता आली नाही. मान्सूनची सीमारेषा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी आली आणि तिथेच बसून राहिली, जूनच्या मध्यापर्यंत. २५ मेपासून रोहिणीचे नऊ दिवस म्हणजे त्यांचा नवतपा. भाऊ म्हणाला, "नवतपा तपलाच नाही ना यंदा!" वळवाने कूलर बंद ठेवला. आणि मग आपण पुण्यात छत्र्या वाळत घालत असताना, जूनमध्ये त्यांनी कूलरच्या ताट्या पुन्हा भिजवल्या. म्हणून वळीव आणि मान्सून यांना एकाच शाईने लिहू नका. दुपारी तापून, वारा सुटून, गडगडाट करून तासाभरात गेला तो वळीव, मी लाल पेनने लिहिते. रात्रंदिवस रिपरिप आणि नैऋत्येचा वारा, तो निळ्याने. वर्ध्याच्या रकान्यात मेअखेर लालच लाल आहे.

सगळं भरून झालं की पान आडवं वाचा, एकेका आठवड्याची ओळ धरून. उभं वाचलं की आपापल्या गावाचं रडगाणं मिळतं. २०२५ ची मेच्या चौथ्या आठवड्याची ओळ अशी आहे: देवगड, आंबा गेला. पुणे, सांडग्यांना बुरशी. औसा, वापसा नाही. वर्धा, भावजय गच्चीवर झोपली, पांघरूण घेऊन.

शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ लिहायची, तीही महिनाभर थांबून, सगळ्यांना वाचून दाखवल्यावर. २०२५ चा शेरा अजून कोरा आहे. मी 'उन्हाळा मे महिन्यात मोडला' असं सुचवलं, नणंदेला आणि मावसभावाला ते पटलं. भाऊ म्हणतो, जून धरल्याशिवाय तो सही करणार नाही.