जुनं स्वस्त मँडोलिन घेताय? या चुका टाळा

माझं पहिलं जुनं मँडोलिन सिल्व्हरटोन, इथे न्यू जर्सीत एका गराज सेलला मिळालेलं, आणि मग दोन रात्री जागून सिल्व्हरटोनची फॅक्टरी कुठे होती ते शोधत बसलो. फॅक्टरी नव्हतीच! ते सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने लावलेलं नाव, माल बनवणारे वेगळेच, शिकागोच्या हार्मनी नाहीतर के (Kay) या कंपन्या. त्याआधी सिअर्सचं नाव सुपरटोन होतं, आणि १९१६ साली तर त्यांनी हार्मनी कंपनीच घेऊन टाकली होती. मॉन्टगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या दुकानाचं एअरलाइन हे नाव, तीच गत.

स्टेला या नावाचा तर अजून घोळ. ते मूळ आपल्या शेजारच्या जर्सी सिटीतल्या ऑस्कर श्मिटचं, पण १९३९ ला हे नाव हार्मनीकडे गेलं, म्हणजे नाव एक आणि फॅक्टऱ्या दोन. आणि कॅलामझू दिसलं की विकणारा हळूच सांगतो, "हे गिब्सनच आहे", म्हणजे त्या नामांकित महागड्या कंपनीचं. खरंय, मंदीच्या काळात गिब्सननेच काढलेला तो स्वस्त ब्रँड, पण स्वस्तच, त्यामुळे गिब्सनचा भाव देऊ नका.

मग बघायचं काय, तर आतमध्ये. मोबाईलचा टॉर्च आणि डेंटिस्टकडे असतो तसला छोटा आरसा घ्या. हार्मनीत बऱ्याचदा शिक्का असतो, एफ किंवा एस आणि पुढे ५८ वगैरे, ते साल. दुसरा लांब आकडा असतो त्यात मध्ये एच येतो, एचच्या पुढे मॉडेल नंबर, त्याला साल समजू नका (मी समजलो होतो).

एफ-होलची, म्हणजे वरच्या फळीतल्या f आकाराच्या भोकाची, कड नीट बघा, तीन थर दिसले तर प्लायवूड, मग विकणारा कितीही "हाताने कोरलंय" म्हणू दे. पाठीवरच्या सुंदर लाटा कधीकधी नुसता रंग असतो.

भोपळ्यासारख्या पाठीचं, ज्याला अमेरिकन लोक टेटरबग म्हणतात, त्याची वरची फळी घोडीपाशी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मोडल्यासारखी वाकलेली असते. ते मुद्दाम केलेलं असतं, फुटलेलं नाही. त्याला आजच्या जाड तारा मात्र लावू नका, एकदम हलका सेट लावा, नाहीतर फळी खरंच बसेल.

सूर लागत नाही म्हणून पडद्यांना (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दोष देऊ नका, आधी घोडी बघा, ती चिकटवलेली नसते, सरकते. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर जुळेपर्यंत हलवायची, पाच मिनिटांचं काम. मात्र तिथेच तारा पडद्यापासून चार मिलिमीटर वर असतील तर सोडून द्या, मानेच्या दुरुस्तीला वाद्यापेक्षा जास्त पैसे जातात.

टेलपीसचं, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात त्या भागाचं, झाकण नसलं तर भाव पाडून घ्या. माझ्या तिघांपैकी एकावरही नाही, वाजतात मस्त.