विल्यम टर्नर यांची चरित्रनोंद कशी लिहावी

सर विल्यम टर्नर (१८३२–१९१६) हे एडिंबरो विद्यापीठात १८६७ ते १९०३ या काळात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यानंतर अखेरपर्यंत त्याच विद्यापीठाचे प्रिन्सिपल, म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणारे प्रमुख होते. त्यांच्याविषयी मराठीत लिहायला बसले की प्रथम हाती लागते ती पदांची जंत्री. ती खरी आहे आणि लांबलचकही आहे. मात्र तिच्याच आधाराने नोंद रचली तर वाचकाला माणूस दिसत नाही, केवळ खुर्च्या दिसतात. शवविच्छेदनगृह आणि संग्रहालय वर्षानुवर्षे चालवताना जी व्यवस्थेची नजर टर्नर यांच्यापाशी तयार झाली, तीच पुढे विद्यापीठाच्या कारभारात उतरली, असे माझे मत आहे. म्हणून नोंदीची मांडणी त्या दालनांपासून करावी.

त्याआधी एक साधी खबरदारी घ्यावी. या नावाचे अनेक जण होऊन गेले आहेत. जगप्रसिद्ध इंग्रज चित्रकार टर्नर यांच्या नावातही विल्यम आहे, आणि सोळाव्या शतकातील एक वनस्पतिशास्त्रज्ञही विल्यम टर्नरच होते. त्यामुळे जन्मवर्ष, लँकेस्टर हे जन्मगाव आणि एडिंबरो या तीन खुणा जुळल्याशिवाय कोणतीही माहिती उचलू नये.

पार्श्वभूमी लिहिताना १८३२ या सालाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. त्या वर्षाच्या जानेवारीत टर्नर जन्मले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने शरीररचना कायदा संमत केला. त्यापूर्वी शिकवण्यासाठी कायदेशीर मार्गाने मिळणारी प्रेते फारच अपुरी असल्याने थडग्यांतून प्रेते चोरली जात. एडिंबरोत तर बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ मध्ये खून करून प्रेते रॉबर्ट नॉक्स या शिक्षकाला विकली होती. नव्या कायद्याने गरीबखान्यांतील व रुग्णालयांतील बेवारस प्रेते शरीररचना शिकवणाऱ्या शाळांना मिळू लागली. म्हणजे चोरी थांबली, पण टेबलावर येणारा माणूस गरीबच राहिला. ही गोष्ट नोंदीत स्पष्ट शब्दांत यावी. टर्नर यांचे गुरू जॉन गुडसर हे स्वतः नॉक्स यांचे विद्यार्थी होते, एवढे सांगितले की दोन पिढ्यांचा धागा आपोआप जुळतो.

शिक्षणाचा भाग थोडक्यात आटोपावा: लँकेस्टरमध्ये एका डॉक्टरकडे उमेदवारी, मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण, आणि १८५४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गुडसर यांचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रात्यक्षिके शिकवणारे साहाय्यक, म्हणून एडिंबरोला आगमन. १८६७ मध्ये गुडसर वारले आणि त्यांचे अध्यासन, म्हणजे प्राध्यापकपद, टर्नर यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी गुरूंचे लेखन संपादित करून प्रसिद्ध केले. या सुमारास एका शरीररचनाविषयक नियतकालिकाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. भावी प्रशासक येथे दिसू लागतो, म्हणून या प्रसंगांना जागा द्यावी.

संशोधनाचा व्याप मोठा असल्यामुळे निवड करावीच लागते. मेंदूच्या वळ्या, सस्तन प्राण्यांची वार (गर्भाचे पोषण करणारा अवयव, प्लासेंटा) आणि १८६९ मध्ये एडिंबरोजवळ लाँगनिड्री येथे किनाऱ्याला लागलेला प्रचंड देवमासा, हे तीन विषय त्यांच्या कामाचा पल्ला दाखवायला पुरेसे आहेत. डार्विन यांनी मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या १८७१ च्या ग्रंथात टर्नर यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला आहे, हे अवश्य नमूद करावे. पण त्यावरून टर्नर यांना डार्विनचे शिष्य ठरवू नये.

सर्वांत जपून लिहावा तो कवट्यांविषयीचा परिच्छेद. ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या जगप्रवासात (१८७२–१८७६) गोळा झालेल्या मानवी अस्थींवर टर्नर यांनी अहवाल लिहिले. पुढे १८९९ पासून ‘भारतीय साम्राज्यातील लोकांच्या’ कवट्यांवर त्यांची निबंधमाला निघाली. तिच्यात ईशान्य सीमेवरील डोंगरी जमाती, छोटा नागपूर व मध्य प्रांतातील आदिवासी, मद्रास इलाख्यातील लोक आणि भिल्ल यांच्या कवट्यांची मोजमापे आहेत. या कवट्या त्यांच्याकडे पाठवणाऱ्यांत वसाहतींत नोकरी करणारे त्यांचे माजी विद्यार्थीही होते. मृतांची किंवा त्यांच्या आप्तांची संमती घेण्याचा प्रश्न त्या व्यवहारात जवळपास उद्‍भवतच नसे. ‘तो काळच तसा होता’ या वाक्यावर हा परिच्छेद मिटवू नये. एडिंबरो विद्यापीठाने २०१९ मध्ये वेड्डा या श्रीलंकेतील आदिवासी समाजाच्या नऊ कवट्या त्या समाजाच्या प्रमुखाच्या स्वाधीन केल्या, ही घटना त्याच परिच्छेदात द्यावी. भिल्लांचा उल्लेख मराठी वाचकाने न चुकता वाचावा असा आहे, तेव्हा तो तळटीपेत ढकलू नये.

अध्यापनाविषयी लिहिताना डॅनियल जॉन कनिंगहॅम यांचे नाव घ्यावे. ते टर्नर यांचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि १९०३ मध्ये त्यांच्याच अध्यासनावर आले. शवविच्छेदन शिकवणारे कनिंगहॅम यांचे पुस्तक आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हाताळले आहे, त्यामुळे मराठी डॉक्टर वाचकाला टर्नर यांची ओळख या वाटेने सहज पटते.

कारभाराच्या भागात टेव्हियट प्लेस येथील नव्या वैद्यकीय इमारती मध्यभागी ठेवाव्यात. त्या काळी विद्यापीठाचे प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट होते, जे त्यापूर्वी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. (मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी त्यांचा संबंध जोडू नये, ते नाव गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचे आहे.) या इमारतींतील शवविच्छेदनगृह आणि उंच छताचे संग्रहालय ज्या विभागासाठी बांधले गेले, त्याचे प्रमुख टर्नर होते. आधी विभागाची घडी बसवणारा हा माणूस मग १८९८ ते १९०४ या काळात डॉक्टरांच्या नोंदणीवर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचा अध्यक्ष झाला आणि सत्तरी उलटल्यावर विद्यापीठाचा प्रमुख, हा क्रम या मांडणीत स्वाभाविक वाटतो.

साधने वापरताना त्यांचे पुत्र, शल्यविशारद आर्थर लोगन टर्नर यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेले चरित्र तारखांसाठी घ्यावे. मूल्यमापन करताना मात्र ते मुलाने लिहिले आहे, हे लक्षात ठेवावे. मतभेदांच्या प्रसंगांत ते एकटे प्रमाण मानू नये, संबंधित संस्थेचे त्या वर्षीचे इतिवृत्त मिळवून ताडून पाहावे.

मानसन्मान एका वाक्यात उरकावेत: १८८६ मध्ये नाइटहुड (म्हणजे ‘सर’ हा किताब), १९०१ मध्ये के.सी.बी. (नाइट कमांडर ऑफ द बाथ) हा वरचा किताब, १९०० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अध्यक्षपद. प्रिन्सिपलपदावर असतानाच, १५ फेब्रुवारी १९१६ रोजी, ते वारले. १८८६ पूर्वीचे प्रसंग सांगताना नावामागे ‘सर’ लावू नये. गुडसर यांच्या हाताखाली प्रेतांची व्यवस्था पाहणारा तरुण नुसता विल्यम टर्नर होता.