हौशी चेंबर ऑर्केस्ट्रा: रचनेची निवड आणि तालीम

हौशी चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे छोटा वाद्यवृंद, उभा करताना बहुतेकांचे लक्ष पहिल्या व्हायोलिनांच्या गटाकडे असते, कारण मुख्य चाल बहुधा तिथेच ऐकू येते. परंतु वृंद एकसंध वाजतो की विस्कटतो, हे दुसरी व्हायोलिने आणि व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुरांचे वाद्य) यांच्यावर ठरते. म्हणून वादक जमवण्यापासून रचना निवडण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय या मधल्या स्वरांकडे पाहून घ्यावा.

केवळ तंतुवाद्यांच्या वृंदासाठी पाच पहिली व्हायोलिने, चार दुसरी, तीन व्हायोला, दोन चेलो आणि एक डबल बेस अशी पंधरा जणांची मांडणी पुरेशी असते. व्हायोलावादक हौशी वर्तुळात नेहमीच कमी पडतात. अशा वेळी एखाद्या व्हायोलिनवादकाला व्हायोलाकडे वळण्याची विनंती करावी, कारण दोन्ही वाद्यांच्या तीन तारा त्याच सुरांत लावलेल्या असतात आणि खरा नवा अभ्यास आल्टो क्लेफ (व्हायोलाच्या स्वरलिपीतील वेगळे स्थानचिन्ह) वाचण्याचा व थोड्या रुंद बोटठेवणीचा असतो. एकाच पार्टवर (एका विभागाने वाजवायच्या ओळीवर) दोघेच असतील तर त्यांच्या सुरांतला बारीकसा फरकही कानाला लगेच खुपतो. तिसरा वादक आला की तो फरक पुष्कळसा झाकला जातो.

रचना निवडताना पूर्ण स्कोअर (सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र दाखवणारी स्वरलिपी) समोर ठेवून आधी व्हायोलाची ओळ वाचावी. बाखच्या तिसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोत व्हायोलाचे तीन स्वतंत्र पार्ट आहेत. दोनच व्हायोला असलेल्या वृंदाने तो कितीही आवडला तरी बाजूला ठेवावा. चायकोव्स्कीचे 1880 मधील तंतुवाद्यांचे सेरेनेड प्रलोभन दाखवते, पण वादक जितके अधिक तितके आपल्या इच्छेला अनुरूप, असे संगीतकारानेच लिहून ठेवले आहे, आणि पंधरा जणांत ते खरोखरच पोकळ वाटते. याउलट इंग्रज संगीतकार होल्स्टने लंडनच्या सेंट पॉल मुलींच्या शाळेतील वाद्यवृंदासाठी लिहिलेला सेंट पॉल्स सूट हौशी हातांना झेपतो आणि त्याच्या दुसऱ्या भागात दुसऱ्या व्हायोलिनांना सतत फिरणारी आकृती देऊन खरे काम देतो. माझ्या मते एका कार्यक्रमासाठी एक अवघड, एक मध्यम आणि एक सोपी रचना पुरे. तीन अवघड रचना घेणारा वृंद कोणतीही नीट वाजवत नाही.

पार्ट वाटण्यापूर्वी कॉन्सर्टमास्टरने (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाने) गज कुठे वर, कुठे खाली ओढायचा याच्या खुणा करून घ्याव्यात आणि इतर विभागप्रमुखांनी त्या आपल्या पार्टवर उतरवाव्यात. तालमीत गज वर की खाली यावर चाललेली चर्चा इतरांचा वेळ खाते. खुणा पेन्सिलीनेच कराव्यात, कारण त्या बदलणारच.

तालमीत स्वर शिकायचे नसतात, एकमेकांना ऐकायचे असते, हे सर्वांना आधीच स्पष्ट सांगावे. सुरुवातीला एकाच स्रोतावरून ए स्वर घेऊन, वृंदाने ठरवलेल्या 440 किंवा 442 हर्ट्झवर, शांततेत वाद्ये सुरात लावावीत. सूर बिघडलेली जागा आली की सगळ्यांना पुन्हा वाजवायला लावणे निरर्थक असते; आधी बेस आणि चेलो यांना तो स्वरमेळ धरायला सांगावा, त्यावर व्हायोला, मग दुसरी आणि शेवटी पहिली व्हायोलिने आणावीत. असे खालून वर बांधल्यावर कोण चढा आहे हे त्या वादकालाच ऐकू येते, आणि कोणाचे नाव घ्यावे लागत नाही. लय घसरत असेल तर केवळ मधल्या दोन विभागांना संथ गतीत वाजवायला लावावे आणि मुख्य चालीला थोडा वेळ गप्प बसवावे. पहिल्या व्हायोलिनांना हे फारसे रुचत नाही, तरी ते टाळू नये.

कंडक्टर असावा की नसावा? न्यूयॉर्कमधील ऑर्फियस हा 1972 मध्ये स्थापन झालेला वृंद कंडक्टरशिवाय वाजवतो आणि त्यात नेतृत्वाची जबाबदारी फिरती असते, पण त्यासाठी प्रत्येकाला स्कोअर ठाऊक असावा लागतो. हौशी वृंदाने कंडक्टर घ्यावा. मात्र प्रत्येक तालमीत एखादा संथ भाग त्याच्याविना, केवळ कॉन्सर्टमास्टरच्या श्वासावर आणि गजाच्या हालचालीवर वाजवून पाहावा.

शेवटची तालीम शक्यतो कार्यक्रमाच्याच सभागृहात घ्यावी. रिकाम्या सभागृहात आवाज अधिक घुमतो आणि श्रोते आल्यावर तो कोरडा होतो, त्यामुळे मंद भागांची गती केवळ त्या घुमण्यावर विसंबून ठरवू नये. एका स्टँडवर दोघे बसत असतील तर पाने आतल्या बाजूच्या वादकाने उलटावीत, आणि अडचणीच्या जागी पान आधीच छायाप्रत काढून जोडावे. कार्यक्रम संपताच पार्ट गोळा करावेत. भाड्याने आणलेल्या पार्टवरील खुणा पुसून ते परत पाठवावेत आणि स्वतःच्या पार्टवरील खुणा तशाच राहू द्याव्यात.