स्नोबोर्डिंग आणि सोमवारचं ऑफिस: या चुका टाळा

माझं मनगट मोडलं तेव्हा मी जवळजवळ उभाच होतो. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहोजवळचा अगदी सोपा उतार (ग्रीन रन), रविवार, दुपारचे साडेतीन. मागे राहिलेल्या मित्रासाठी वेग कमी केला, बोर्डची पायाच्या बोटांकडची कड (एज) बर्फात रुतली आणि मी उजवा हात पुढे करून पालथा पडलो. शेजारून सहा-सात वर्षांची एक मुलगी सुळकन निघून गेली.

हातावर पोट असणं आपण मजुरांबद्दल बोलतो, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचं पोटही दहा बोटांवरच आहे. हे मला त्या दिवशी कळलं. खेळ सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, मीही सोडलेला नाही. पण बोर्ड भाड्याने घेण्याआधी स्वतःला एक विचारा: आपला पगार शरीराच्या कुठल्या भागातून येतो? दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला घोटा जपायला हवा, टाइप करणाऱ्याला मनगट. गाडी चालवून कमावणाऱ्याचा उजवा पाय गेला की सगळंच थांबलं.

हेल्मेट घेतलं, मनगट विसरलं

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. तोल गेला की पाऊल टाकून सावरता येत नाही, म्हणून हात आपोआप जमिनीकडे जातो आणि सगळं वजन मनगटावर येतं. स्कीवाल्यांचे गुडघे जातात, स्नोबोर्डवाल्यांची मनगटं, आणि त्यात नवशिक्यांची सगळ्यात जास्त. उंच उड्या मारणाऱ्या पोरांचं हे दुखणं आहे असं समजू नका.

भाड्याच्या काउंटरवर बोर्ड, बूट आणि मागितलं तर हेल्मेट मिळतं. रिस्ट गार्डचं सहसा कोणी विचारत नाही. ते स्वतः विकत घ्या, आणि ग्लोव्हज घालून दुकानात जा, कारण गार्ड आत बसत नाहीत म्हणून गाडीतच राहतात. मनगट मोडण्याचा धोका गार्डमुळे कमी होतो हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पडायचंही शिकावं लागतं. पुढे पडताना मुठी आवळा आणि गुडघे व कोपरापुढचा हात एकदम टेकवा. मागे पडताना हनुवटी छातीला लावा, बूड टेकवून पाठीवर गोल व्हा, पण हात मागे नेऊ नका. टाचेकडची एज अडकली तर आपण मागे आपटतो, तेव्हा डोकं आणि माकडहाड दोन्ही धोक्यात. पॅड असलेली शॉर्ट घातल्यावर लोक हसतात. माकडहाड सुजवून आठ तास खुर्चीवर बसून बघा म्हणावं.

आमच्यातली एक डेंटिस्ट मैत्रीण हात वाचवायचे म्हणून बोर्ड सोडून स्कीकडे वळली. विचार बरोबर होता. पण स्कीतही पोल हातात धरून पडलं की अंगठ्याच्या मुळाचा लिगामेंट फाटतो, त्याला स्कीवाल्यांचा अंगठा असंच नाव आहे. तिने आता पोलच्या पट्ट्यात मनगट अडकवणं बंद केलंय, म्हणजे पडताना पोल सोडून देता येतो.

शेवटची एक रन

चार वाजता लिफ्ट बंद होणार, पैसे भरलेत, वसूल करायचे. दुपारी पाय थरथरत असतात, उन्हात मऊ झालेला बर्फ पुन्हा कडक व्हायला लागतो, आणि मनात परतीच्या आय-८० हायवेवरचा ट्रॅफिक असतो. मी आता तीनला बूट काढतो. त्यातही नवी नोकरी जॉइन करायच्या आधीचा किंवा रिलीजच्या आदल्या आठवड्याचा वीकेंड टाहोसाठी नाही.

‘एक्स-रे क्लिअर आहे’ म्हणून कामाला लागणं

माझी खरी चूक पडणं नव्हती, त्यानंतरचे दहा दिवस होते. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरांनी स्प्लिंट दिला आणि दुखणं राहिलं तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा या म्हणाले. मी सोमवारी गोठवलेल्या मटारची पिशवी मनगटावर ठेवून मीटिंगला बसलो. चार दिवसांनी रिलीज होता, म्हणून स्प्लिंट काढून टाइप करत राहिलो. दहाव्या दिवशी बरणीचं झाकण उघडताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा परत गेलो. स्कॅफॉइड मोडलं होतं.

मनगटातलं हे छोटंसं हाड फसवं आहे. पहिल्या एक्स-रेत त्याची भेग अनेकदा दिसतच नाही. शिवाय त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायला वेळ लागतो, आणि दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही आणि पुढे संधिवात मागे लागतो. घरी एक पाहता येतं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. पडल्यानंतर तिथे दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे काहीही म्हणो, हात स्प्लिंटमध्येच ठेवा आणि सांगितलेल्या दिवशी परत जा. एमआरआय किंवा सीटी मिळाला तर लवकर निकाल लागतो.

घोट्याचंही असंच आहे. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या जरा खाली आणि पुढे दुखतं, सूज येते, सगळे म्हणतात मुरगळला. पण त्याच जागी टॅलस नावाच्या हाडाचा कोपरा मोडू शकतो. स्नोबोर्डर्समध्ये तो इतका दिसतो की त्याला स्नोबोर्डरचं फ्रॅक्चर म्हणतात. साध्या एक्स-रेत हाही निसटतो. म्हणून डॉक्टरांना ‘घसरून पडलो’ एवढंच सांगू नका, ‘स्नोबोर्डवरून पडलो’ असं सांगा. आणि चार-पाच दिवसांनी पायावर भार देता येत नसेल तर सीटीबद्दल विचारा.

डोकं आपटलं आणि लॅपटॉप उघडला

हेल्मेटने कवटी वाचते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. डोकं जोरात आपटल्यावर गरगरलं, मळमळलं, प्रकाश सहन झाला नाही किंवा तोच प्रश्न तुम्ही पुन्हापुन्हा विचारायला लागलात, तर त्या दिवशी बोर्ड संपला, आणि परतीची गाडीही दुसऱ्याने चालवायची. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली किंवा माणूस जागा राहीना, तर लगेच ९११ ला (अमेरिकेतला आपत्कालीन नंबर) फोन. पहिला दिवस-दोन दिवस स्क्रीन जमेल तितका टाळा. मग अर्धा तास, एक तास असं वाढवा आणि त्रास वाढला की थांबा. मॅनेजरला प्लास्टर दिसतं, हे दिसत नाही, म्हणून डॉक्टरांचं पत्र घ्या.

कागद आधी वाचले नाहीत

कॅलिफोर्नियात पगाराच्या स्लिपवर एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) नावाने पैसे कापले जातात. ते कशासाठी, हे मला प्लास्टर बसल्यावर कळलं. कामाबाहेर, अगदी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे काम बंद पडलं तरी त्यातून पगाराचा ७० ते ९० टक्के भाग मिळू शकतो. पहिल्या ७ दिवसांचे पैसे मिळत नाहीत आणि अर्ज ४९ दिवसांच्या आत करावा लागतो. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना हे आपोआप लागू होत नाही, आधीच वेगळं घ्यावं लागतं.

एफएमएलए या १९९३ च्या अमेरिकी रजेच्या कायद्याने १२ आठवडे नोकरी शाबूत राहते, पण ती रजा बिनपगारी. त्यासाठी कंपनीत किमान ५० माणसं, तुमचं तिथे एक वर्ष आणि त्या वर्षात १,२५० तास काम लागतं. एच-१बी व्हिसावर असाल तर स्वतःच्या दुखापतीमुळे घेतलेल्या रजेत पगार द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. रजा मात्र लेखी मंजूर करून घ्या, तोंडी ‘टेक केअर’वर थांबू नका.

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणाऱ्यांनी प्रवास विम्यातला वगळलेल्या गोष्टींचा भाग आधी वाचावा. साहसी खेळ बऱ्याचदा तिथेच सापडतात.

प्लास्टरमध्ये काम

माझ्या प्लास्टरमध्ये अंगठाही बंद होता. अंगठ्याशिवाय स्पेसबार दाबता येत नाही हे लक्षातच येत नाही, तोवर सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. पहिल्याच दिवशी माउस डावीकडे घेतला, ईमेल बोलून लिहिले, कोड मात्र हळूहळू. हात उशीवर उंच ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत बोटं सुजतात. मोकळी बोटं आणि खांदा दर तासाला हलवा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टर असह्य घट्ट वाटलं, तर मीटिंग सोडून डॉक्टरकडे जा.

प्लास्टर अकरा आठवड्यांनी निघालं. हात बारीक झाला होता, मनगट वाकत नव्हतं, पोळी लाटणं हाच माझा फिजिओथेरपीचा गृहपाठ झाला. दोन्ही हातांची पकड सारखी होईपर्यंत बोर्ड नको, असं डॉक्टर म्हणाले. मार्चमध्ये बाकीचे टाहोला गेले तेव्हा मी घरी होतो आणि माझ्या पोळ्या अजून नकाशासारख्याच येत होत्या.