क्यूओएस चालू, तरी मीटिंग अडकते? आधी तो आकडा बघा

राउटरमध्ये क्यूओएस (कुणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं सेटिंग) चालू केलं, ऑफिसच्या लॅपटॉपला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं, आणि तरी भाच्याने गेम डाउनलोडला लावला की मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो. यावर जो तो सांगतो, 'राउटर बदला.' नका बदलू. मी बदलला होता, जुना अजून माळ्यावर पडला आहे.

आधी लॅपटॉप लॅन वायरने जोडून बघा. वायरवर सगळं ठीक चाललं तर दोष वायफायचा, तिथे क्यूओएस काही करू शकत नाही. आमच्याकडे नागपुरात प्रतापनगरला मे महिन्यात कूलर नेमका राउटर आणि टेबलाच्या मध्ये येतो. पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफायचे वैरी.

नेटवाल्याचा डबा आणि तुमचा राउटर असे दोन असतील तर डब्याचं वायफाय बंद करा. त्यावर जोडलेला टीव्ही तुमच्या राउटरला दिसतच नाही.

आता क्यूओएसमधला बँडविड्थचा, म्हणजे नेटच्या स्पीडचा रकाना. माझे दोन रविवार इथेच गेले. बरेच जण त्यात प्लॅनचा आकडा टाकतात, १०० एमबीपीएसचा प्लॅन तर १००. चूक! जाम व्हेरायटी चौकात आणि पोलिस उभा शंकरनगरला, अशी गत होते. डेटाची रांग नेटवाल्याच्या बाजूला लागते, तिथे तुमचं प्राधान्य कोण विचारतो? रांग आपल्याच राउटरात लागली पाहिजे, म्हणून आकडा खऱ्या स्पीडपेक्षा थोडा कमी हवा.

क्यूओएस बंद करून, बाकी सगळ्यांचं नेट थांबवून, वायरवर स्पीड टेस्ट घ्या. सकाळी घ्या, रात्री नऊलाही घ्या. मला सकाळी ९४ मिळाले, रात्री ८२. रात्रीचा धरा आणि त्याच्या ९० टक्के टाका, म्हणजे ७४. अपलोडचा वेगळा मोजा, तो रिकामा सोडू नका. मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की आधी अपलोडच तुंबतं.

आणि एकक वाचा, हात जोडून सांगतो! बऱ्याच राउटरांत तिथे एमबीपीएस नाही, त्याचा हजारावा भाग केबीपीएस असतं, म्हणजे ७४ नाही, ७४००० लिहायचं. मी नुसते १०० लिहिले होते. घरभर नेट मेलं, मी भर उन्हात नेटवाल्याला बोलावलं, आणि चूक माझीच निघाल्यावर पन्हं पाजून त्याला परत पाठवलं.

तपासायचं असं: कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग सुरू ठेवा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल, आणि दुसऱ्या लॅपटॉपवरून मोठी फाइल अपलोड करा. पिंग १२ मिलिसेकंदांवरून ३०० वर उडालं तर अपलोडचा आकडा पाच टक्क्यांनी उतरवा, पुन्हा बघा. २०-३० च्या आसपास टिकलं की जमलं. आकडा कितीही बदलून फरकच पडत नसेल तर हार्डवेअर नॅट किंवा ॲक्सिलरेशन नावाचं सेटिंग शोधून बंद करा. काही राउटरांत त्यामुळे डेटा क्यूओएसला बगल देऊन जातो.

प्राधान्य दोनच उपकरणांना द्या. फोनला देत असाल तर घरच्या वायफायसाठी त्याचा रँडम मॅक (मॅक म्हणजे उपकरणाची ओळख सांगणारा पत्ता) बंद करा, नाहीतर पत्ता बदलला की राउटर त्याला ओळखत नाही.

प्लॅन वाढवला की आकडाही बदला. मी २०० चा घेतला आणि विसरलो. चार महिने पैसे २०० चे भरले, स्पीड ७४ चा वापरला.