एका पोटात दोन कॅन्सर: जिस्ट निघाल्यावर काय करावं

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं आणि रिपोर्टात खाली एक ओळ निघते: जठराच्या भिंतीत दीड सेंटिमीटरची वेगळी गाठ, जिस्ट. घरचे धसका घेतात, "पसरला!" पण जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टाइनल स्ट्रोमल ट्युमर, आतड्याच्या कॅन्सरमधून पसरून येत नाही. तो भिंतीतल्या काहाल पेशींशी (आतड्याची हालचाल चालवणाऱ्या पेशी) नातं सांगतो, आतड्याचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो. आजार दोन, म्हणून स्टेजही दोन लिहून घ्या.

आधी रिपोर्ट नीट वाचा. सीडी ११७ आणि डॉग-१ या जिस्ट ओळखायच्या तपासण्या झाल्यात का? गाठ किती सेंटिमीटरची, कुठली, आणि ५ चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी किती? जठरातली २ सेंटिमीटरपर्यंतची आणि ५ किंवा त्याहून कमी विभाजनं असलेली गाठ पूर्ण निघाली असेल, तर जिस्टसाठी सहसा औषध लागत नाही. उपचार दुसऱ्या कॅन्सरच्या हिशेबाने ठरतात. २ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ लहान आतड्यात असेल तर जठरातल्या तेवढ्याच गाठीपेक्षा जास्त जपावं लागतं.

खरी चूक होते ती यकृतावर डाग दिसला की. कोणत्या आजाराचा, हे स्कॅनवरून धरून चालू नका. सुईने तुकडा काढायला सांगा. आतड्याच्या कॅन्सरवर इमॅटिनिब, म्हणजे जिस्टची गोळी, चालत नाही आणि जिस्टवर नेहमीची केमो फारशी चालत नाही, त्यामुळे अंदाज चुकला तर महिने वाया जातात.

दुसरं मत घ्यायला नागपुरात तुकडोजी चौकातल्या रिजनल कॅन्सर हॉस्पिटलात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबकडे अर्ज करून दोन्ही गाठींचे मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागा. ब्लॉकवर कोरलेला नंबर रिपोर्टशी जुळवूनच पिशवीत ठेवा. मे महिन्यात ती पिशवी बंद गाडीत सोडू नका. नागपूरच्या उन्हात मेण मऊ पडतं. औषध द्यायचं ठरलं तर त्याआधी किट (KIT) आणि पीडीजीएफआरए (PDGFRA) या जिस्टमध्ये बिघडणाऱ्या जनुकांची तपासणी होणार का, हे विचारा. पीडीजीएफआरएमधल्या डी८४२व्ही बदलावर इमॅटिनिब लागू पडत नाही.

इमॅटिनिब सुरू झालं तर नेहमीचा डोस रोज ४०० मिलिग्रॅम, भरल्या पोटी, मोठ्या ग्लासभर पाण्यासोबत. ग्रेपफ्रूट टाळा. दुसऱ्या कॅन्सरच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, घरचा काढा, सगळं डॉक्टरांना दाखवा. एकाच शरीरात दोन उपचार एकमेकांना नडतात.