फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खरे वाटणारे धुके कसे आणावे

सिम्युलेटरमध्ये धुके हवे असले की बहुतेक जण दृश्यमानतेचा स्लायडर खाली ओढतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. मग भर दुपारी, पंधरा नॉटच्या (ताशी सुमारे 28 किलोमीटरच्या) वाऱ्यात आणि पाच हजार फुटांवरही सारखाच दाट पांढरा पडदा विमानाभोवती राहतो. धुके पटण्याजोगे हवे असेल, तर ते कशामुळे पडले आहे आणि त्याचा माथा किती उंचीवर आहे हे आधी ठरवावे; दृश्यमानतेच्या आकड्याकडे त्यानंतर वळावे.

धुके, विरळ धुके आणि धुरकटपणा यांतला भेद मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामानाच्या सांकेतिक अहवालात, नेमका केलेला असतो. दृश्यमानता 1000 मीटरच्या खाली गेली की एफजी, म्हणजे धुके; ती 1000 ते 5000 मीटरच्या दरम्यान असून कारण जलबिंदू असतील तर बीआर, म्हणजे विरळ धुके; आणि धूळ-धुरासारख्या कोरड्या कणांमुळे ती 5000 मीटर किंवा त्याहून कमी झाली असेल तर एचझेड, म्हणजे धुरकटपणा. पहिल्या दोन्हींत तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो आकडा) जवळजवळ एक असतात, तर तिसऱ्यात त्यांच्यात चांगलेच अंतर असते. तापमान 31 आणि दवबिंदू 12 ठेवून दाट धुके पाडणे म्हणजे हवामानशास्त्राची थट्टाच होय, पण डाउनलोड करून मिळणाऱ्या कित्येक तयार प्रीसेटमध्ये असे मेळ न बसणारे आकडे सापडतात.

सर्वांत सोपे धुके पहाटेचे. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिच्यालगतची ओलसर हवा दवबिंदूपर्यंत थंड होते. म्हणून वेळ सूर्योदयाच्या आसपासची घ्यावी, वारा पाच नॉटच्या आत ठेवावा आणि वरचे आकाश मोकळे सोडावे. थराची जाडी काहीशे फुटांपेक्षा जास्त नको. समुद्रावरून येणारे धुके वेगळे: उबदार, दमट हवा थंड पृष्ठभागावर सरकत आल्याने ते तयार होते, त्यामुळे दहा-पंधरा नॉटच्या वाऱ्यातही ते टिकते आणि दुपारीही शोभते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीत खात्रीचा मार्ग म्हणजे ढगांचा सर्वांत खालचा थर जमिनीला टेकवणे, त्याचे आच्छादन पूर्ण करणे आणि घनता वाढवणे. येथे एक गोष्ट हटकून चुकते. उंची समुद्रसपाटीपासून मोजली जात असेल आणि विमानतळ दोन हजार फुटांवर असेल, तर शून्य ते तीनशे फुटांचा तुमचा थर जमिनीखाली गाडला जातो. म्हणून उंची जमिनीपासून मोजण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, हे पाहावे. एक्स-प्लेन 12 या सिम्युलेटरमध्ये दृश्यमानता थेट देता येते, पण तिच्या जोडीला खालचा ढगांचा थरही द्यावा. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये मेटारची ओळ स्वतः लिहून देता येते. त्या एकाच ओळीत वारा, तापमान आणि दवबिंदू एकत्र लिहावे लागतात आणि त्यांचा मेळ बसतो का हे लगेच दिसते, म्हणून मला ही पद्धत सर्वांत स्वच्छ वाटते.

धुरकटपणासाठी 2020 च्या त्या आवृत्तीत एरोसोलच्या (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) घनतेचा स्लायडर आहे. तो थोडाच वाढवावा. टोकाला नेला तर धुळीचे वादळ वाटावे असे दृश्य तयार होते. खरा धुरकटपणा वरच्या उबदार हवेच्या थराखाली कोंडलेला असतो, म्हणून चढताना एका उंचीवर विमान त्यातून बाहेर पडते आणि क्षितिजावर त्याची मळकट रेघ स्पष्ट दिसते. सूर्याच्या दिशेने पाहताना तो डोळे दिपवणारा आणि दाट भासतो, तर सूर्य पाठीशी असताना तीच हवा बरीच पारदर्शक वाटते. वळण घेऊन हा फरक दिसतो का, हे तपासावे.

आता आकड्याची पडताळणी. धावपट्टीच्या टोकाशी विमान उभे करून एका बाजूचे कडेचे दिवे मोजावेत. त्यांच्यातील अंतर साधारण 60 मीटर असते, त्यामुळे 550 मीटर दृश्यमानतेत नऊच्या आसपास दिवे दिसायला हवेत. रात्री जास्त दिसले तर तो दोष मानू नये, कारण अंधारात दिवे अधिक दूरवरून दिसतात. दिवसा मात्र इमारती एका ठरावीक रेषेवर कापल्यासारख्या नाहीशा होत असतील, तर मांडणी बिघडलेली आहे. वास्तवात कॉन्ट्रास्ट, म्हणजे वस्तूचा पार्श्वभूमीवरचा उठाव, अंतराबरोबर घातांकी रीतीने घटतो: दृश्यमानता 2000 मीटर असेल, तर 500 मीटरवरच्या काळ्या हँगरचा निम्म्याहून अधिक कॉन्ट्रास्ट आधीच गेलेला असतो. ढगांची ग्राफिक्स-गुणवत्ता फार कमी असल्यास हेच विरणे दाणेदार दिसते.

शेवटची कसोटी लँडिंगची. पहिल्या श्रेणीच्या आयएलएस अप्रोचसाठी (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येण्यासाठी) सर्वसाधारण किमान मर्यादा 200 फूट निर्णय-उंची (उतरायचे की नाही हे जिथे ठरवायचे ती उंची) आणि 550 मीटर धावपट्टी-दृश्यमानता अशी आहे. तीन अंशांच्या उतारावर 200 फुटांवर असताना धावपट्टीचे टोक सुमारे 850 मीटर पुढे असते, म्हणजे त्या क्षणी धावपट्टीच्या अलीकडे मांडलेल्या, 900 मीटर लांबीच्या अप्रोच लाइट्सची सुरुवात जवळपास विमानाखाली आलेली असते. तेव्हा समोर दिव्यांची रांग दिसावी, धावपट्टी अजून दिसू नये. संपूर्ण धावपट्टी दिसत असेल तर धुके विरळ आहे. उथळ धुक्याची गंमत निराळी: वरून, सरळ खाली पाहताना धावपट्टी स्वच्छ दिसते, पण अंतिम टप्प्यात तिरक्या नजरेला तोच थर कितीतरी जाड पडतो आणि ती दिसेनाशी होते. धुक्यात शिरताना नाक वर उचलले गेल्याचा भास होतो आणि हात नकळत नाक खाली दाबू लागतो. अशा वेळी नजर कृत्रिम क्षितिजावर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवावी आणि 200 फुटांवर दिवे दिसले नाहीत तर गो-अराउंड करावा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढावे.